नाव नसलेलं गाऱ्हाणं

महादूच्या मेंदूचा फोटो काढला, तिथून सगळा घोटाळा सुरू झाला. काजूच्या बागेत चक्कर येऊन पडला म्हणून त्याला ओरोसला नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "तांदळाएवढा डाग आहे. शेजारी एक जुनाही दिसतोय. घाबरू नका, साठीनंतर असे डाग पुष्कळांना असतात. फोटो काढत नाहीत म्हणून कळत नाही."

शेवटची दोन वाक्यं गावापर्यंत पोचली नाहीत. गावात फोटो काढलेला मेंदू एकच, त्यामुळे बिघडलेलाही एकच ठरला.

तसं महादूचं बाकी सगळं ठीक होतं. फक्त माणसांची नावं जिभेवर येईनाशी झाली. नेमका देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान त्याच्याच घराण्याचा. ज्याच्यासाठी देवाला विनवायचं त्याचं नाव घ्यावं लागतं, आणि ते मागून कोणी सांगितलेलं चालत नाही.

मुलगी अक्षया नोकरीसाठी मस्कतला निघाली, तेव्हा देवस्थान समितीचा अध्यक्ष चंदन घरी आला.

"गाऱ्हाणा मी घालतंय. ह्येका नाव सुचला नाय तर देव भलत्याकच सांभाळीत बसतलो."

चंदन स्वतः गावातल्या प्रत्येक पुरुषाला 'बाबू' म्हणतो. लोक त्याला आपुलकी समजतात.

"बाबाच घालतले, चंदनकाका," अक्षया म्हणाली. "नायतर माका गाऱ्हाणाच नको."

निघायच्या दिवसापर्यंत महादू तिचं नाव घोकत राहिला. विहिरीवर, परसात, भात कालवताना.

देवळात माणसं जमली. नारळ ठेवला. महादूने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या लेकरू परमुलखाक जाता. तेचा नाव…"

तो थांबला. चंदन खाकरला. कोणीतरी उगाच घंटेकडे पाहिलं. अक्षया मान खाली घालून उभी राहिली.

"नाव येणा नाय, म्हाराजा," महादू म्हणाला. "पण तू वळखतस. ल्हान आसताना तुझ्याच तळयेत बुडाल्ला. मीच भायर काढलंय. निळा पडल्ला. तवापासून तेचो डावो हात कापता. तां. तां माझा चेडू. तेका सांभाळ रे म्हाराजा."

त्या हाताचं गावाला काही माहीत नव्हतं. अक्षया तो कायम ओढणीखाली ठेवायची. आता तिने तो बाहेर काढला आणि उजव्याला जोडला. जोडलेले हात थरथरत होते.

"व्हय म्हाराजा," आधी कोण म्हणालं ते कळलं नाही. मग सगळे म्हणाले.

चंदनने नारळ फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा त्याने तिच्या हातावर ठेवला. डोळे पाणावले होते त्याचे.

"घे गो, संचिता. सुखरूप जा."

संचिता त्याची सून. ती रत्नागिरीला असते.

अक्षयाने प्रसाद कपाळाला लावला. कोणी दुरुस्ती केली नाही.