उजवीकडे ओढणारी गाडी

"अजून उजवीकडेच ओढतेय," बाबा म्हणाले आणि त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला.

खाली, बंद पडलेल्या खडीच्या खाणीत, गाडी मातीच्या ढिगाऱ्यात नाक खुपसून गुरगुरत होती. लेक उतारावरून धावत गेली, गाडीच्या पाठीवरचं लाल बटण दाबून तिने इंजिन बंद केलं आणि दोन्ही हातांनी गाडी उचलून वर आणली. खऱ्या गाडीच्या पाचव्या हिश्शाची, पण खेळणं म्हणून उचलायला जाल तर कंबर धराल. पेट्रोलचं इंजिन, चारही चाकांना ताकद, दणकट दातेरी टायर. पुढचा बंपर परत वाकला होता.

"घरी गेल्यावर उघडते," ती म्हणाली.

"पुढचं डिफरन्शियल बघ. मला तिथलाच संशय आहे."

हे त्यांनी मागच्या खेपेलाही म्हटलं होतं आणि तिने ते उघडलंही होतं. चाकांना ताकद वाटून देणारे त्याचे दाते धड होते, तेल ताजं होतं.

बाबा बसडेपोत गिअरबॉक्सचे फिटर होते. निवृत्त झाले, ही गाडी घेतली आणि हात धुवून तिच्या मागे लागले. आई तिला सवत म्हणायची. "खरी सवत परवडली असती," ती शेजारणीला सांगायची, "तिने निदान ओट्यावर ग्रीस तरी सांडलं नसतं." आणि मग एका सकाळी दाढी करताना बाबांच्या हातातून वस्तरा गळाला. अर्धांगाचा झटका. बोलणं वाचलं, उजवा हात गेला, उजवा पाय जेमतेम परतला. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना ते म्हणायचे, "मोडीत निघालेल्या गाडीला कोणी ऑइल घालतं का हो?" जेवायला बसवलं तर बसायचे, उठवलं तर उठायचे. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून आई मोरीत नळ सोडून रडायची.

असे कितीतरी आठवडे गेल्यावर एके दिवशी त्यांनी आपणहून तोंड उघडलं. "गाडीतलं पेट्रोल काढलं होतं का कुणी?"

कोणी काढलं नव्हतं. टाकीत ते शिळं होऊन मधासारखं चिकट झालं होतं, कार्ब्युरेटरचा पातळ पडदा कडक पडला होता, एअर फिल्टरचा स्पंज बोट लावताच भुगा झाला. लेकीने सगळं उघडून बाबांसमोर जुन्या चादरीवर मांडलं. ते डाव्या हाताने दाखवायचे, रागवायचे. "अगं, तो स्क्रू आहे, दार नाही. हळू." लेकीला ते रागावणं अमृतासारखं वाटलं. गाडी सुरू होईपर्यंत बाबा काठी घेऊन अंगणापर्यंत चालू लागले होते. बाई म्हणाल्या, "आता हे सोडू नका. दुसरं काहीही करून हा माणूस उठणार नाही."

म्हणून लेकीने ते सोडलं नाही. रिमोट पिस्तुलासारखा होता: डाव्या हातात मूठ, तर्जनीखाली वेग, आणि बाजूचं छोटं चाक उजव्या हाताने फिरवायचं. उजवा हात नाही म्हणजे वळण नाही. तिने एका जुन्या व्हिडिओ गेमच्या रिमोटमधली अंगठ्याची काडी काढली आणि मुठीच्या वरच्या अंगाला बसवून स्टिअरिंग तिच्यावर आणलं. काडी फार चपळ निघाली, तर तिला मंद केलं. पुढची चाकं कमी वळावीत म्हणून दांडे बदलले. आणि बाबा म्हणाले, गाडी उजवीकडे ओढते, तेव्हा रिमोटवरची ट्रिमची बारीक फिरकी थोडी डावीकडे सरकवली. त्या फिरकीवर, काडी सोडल्यावर चाकं कुठे राहायची ते ठरतं. पुढच्या खेपेला अजून थोडी. त्याच्या पुढच्या खेपेला अजून थोडी.

ती वजनकाट्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. काटा खोटं दाखवतो अशी तक्रार आली की तिथे स्क्रूला हात लावायच्या आधी प्रमाण वजन ठेवून बघतात, हा पहिला धडा. इथे तिने तो एकदाही पाळला नव्हता. गाडीच्या बाबतीत बाबांचा शब्द हेच तिचं प्रमाण वजन होतं. ते ओढते म्हणाले म्हणजे ओढत असणार.

पुढच्या रविवारी खाणीवर धुराडेकाका आले. घरांना रंग देणारे, या गाड्यांच्या नादातले बाबांचे जुने सोबती. पेट्रोलमध्ये ऑइल इतकं ओतायचे की त्यांची गाडी कुठे आहे ते धुरावरून कळायचं. खरं आडनाव त्यामुळे सगळे विसरले होते.

"काय वस्ताद, जिवंत आहात म्हणायचं!"

"तू आलास म्हणजे नसेनही थोड्या वेळाने. तिकडे उभा राहा, वाऱ्याच्या खाली."

लेकीला बाबांचं हसणं ऐकून बरं वाटलं. तिने दोरी ओढून इंजिन चालू केलं. बाबांनी गाडी सरळ सोडली, एक डावं वळण झकास घेतलं. मग गाडी उजवीकडे गेली आणि तशीच जात राहिली, खडकावर आपटेपर्यंत.

"बघितलंस? ओढते."

"डिफरन्शियल तीनदा उघडलं, काका," लेक हळूच म्हणाली. "चाकं वळवणारा सर्व्हो बदलला. सगळं करून झालं."

"रोग हल्याला आणि डाग पखालीला, असं नसेल ना होत तुझं? आण, मी बघतो."

काकांनी रिमोट घेतला, गाडी सोडली, अंगठा काडीवरून उचलला. गाडी सरळ न जाता शेपटीमागे लागलेल्या कुत्र्यासारखी डावीकडे वळली आणि गोल गोल फिरू लागली.

"अगं, ही तर डावीकडे ओढते! ट्रिम कुणी लावलंय हे?" त्यांनी फिरकी मधोमध आणली. गाडी दोरीने रेघ आखल्यासारखी खाणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. "घ्या वस्ताद. लोण्यासारखी आहे."

बाबांनी रिमोट घेतला. गाडी निघाली, उजवीकडे गेली आणि गेली. बाबांची मान सरळ होती. नजर मोकळ्या मातीवर होती, जिथून गाडी केव्हाच पुढे गेली होती. लेक गाडी सोडून त्यांच्याकडे बघत होती. तिने धावत जाऊन इंजिन बंद केलं, परत आली आणि त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"बाबा, माझ्या नाकाकडे बघा. मान हलवायची नाही. बोट हललं की सांगा."

"हा काय पोरखेळ?"

"बघा ना."

तिने दोन्ही हात बाजूला पसरले. आधी त्यांच्या डाव्या बाजूचं बोट हलवलं.

"हललं."

मग त्यांच्या उजव्या बाजूचं. बाबा तिच्या नाकाकडे बघत राहिले. काकांनी घसा खाकरला आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

"हलव ना," बाबा म्हणाले.

"हलवतेय, बाबा."

तिने बोट हळूहळू मधे आणलं. ते जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा बाबांच्या पापण्या लवल्या.

"दोन्ही डोळ्यांना तसंच?" त्यांनी विचारलं.

तिने एकेक डोळा झाकून पुन्हा पाहिलं. तेच. डोळे धड होते. त्यांच्या मागे, मेंदूत, उजव्या बाजूचं जग पोचतच नव्हतं. तिथे काळोखही नव्हता, त्यामुळे काही हरवलंय हे त्यांना कळलंच नव्हतं.

"चष्मा वगैरे?" काका म्हणाले.

"चष्म्याचं नाही हे." ती बाबांकडे वळली. "मान फिरवायची सवय लावता येते. सारखी उजवीकडे बघायची. मी शेजारी उभी राहीन. गाडी कुठे आहे ते सांगत जाईन, बाबा. उजवीकडे गेली की—"

"तू सांगणार आणि मी अंगठा हलवणार?" त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. ते रागावले असते तर तिला चाललं असतं. "मग मी कशाला हवा मधे?"

"बाबा, आपण काहीतरी बसवू. गाडीवर दिवा, आवाज..."

"किती बसवशील, पोरी? गाडीला काही झालेलं नाही." त्यांनी रिमोट तिच्या हातात दिला. "चालव. टाकी भरलेली आहे, पेट्रोल फुकट ठेवून परत खराब करू नकोस."

तिने इंजिन चालू केलं. तिने गाडी डावीकडेच ठेवली, त्यांच्या डोळ्यांसमोर, ढिगाऱ्यावरून उडवत, परत आणत. ती लोण्यासारखीच चालत होती. बाबा थोडा वेळ बघत राहिले.

"तिकडे ने," ते म्हणाले.

"कुठे?"

"उजवीकडे. मला दिसते आहे ती."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं, त्यांना ती दिसायला नको होती, आणि तिने अंगठा ढकलला. गाडी खाणीच्या उजव्या बाजूला गेली, लांब, खडकांच्या पलीकडे धूळ उडवत. बाबांनी मान वळवली नाही. समोर रिकामी माती होती, तिच्याकडे ते बघत बसले. काका आपलं सामान उगाचच आवरू लागले.

टाकी संपेपर्यंत ती गाडी तिथेच फिरवत राहिली. मग इंजिनाने दोन आचके दिले आणि आवाज थांबला. ती गाडी आणायला निघाली.

"राहू दे," बाबा म्हणाले. "आधी मला घरी सोड."

त्यांनी काठीकडे हात नेला नाही. तिने आणि काकांनी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना उठवलं. ते उठवलं तसे उठले.