दुर्बीण येईपर्यंत

थोरल्या जाऊबाईंच्या पित्ताशयात खडे निघाले, तेव्हा जवळच्या हॉस्पिटलात पोट उघडून करायचं नेहमीचं ऑपरेशन लगेच होऊ शकलं असतं. धाकटी जाऊ त्याच हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर. तिनेच त्यांना थांबवलं. आमच्याकडे आता दुर्बिणीतून ऑपरेशनं सुरू होणार, इवलीशी भोकं पाडतात, लगेच घरी सोडतात, असं तिने समजावलं. घरात आजारपणाच्या बाबतीत तिचाच शब्द शेवटचा. थोरल्या थांबल्या.

नवा विभाग नीट रुळावा म्हणून पहिले पेशंट धडधाकट आणि अंगाने बारीक बघा, असं सर्जननी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. थोरल्या अगदी तशाच. तिने त्यांचं नाव सुचवलं आणि सर्जन खूश झाले.

मशीन आलं, पण कॅमेरा काही येईना. तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे. थोरल्यांचं पोट अधूनमधून दुखायचं. तेलकट टाळा, आता थोडंच राहिलंय, असं म्हणून धाकटी वेळ मारून न्यायची. एका सकाळी त्या ओट्यापाशीच कळवळून वाकल्या. अंगात ताप, डोळे पिवळे. खडा सरकून पित्ताच्या नळीत अडकला होता. पोट उघडावंच लागलं, तेही घाईघाईने.

घरचीच पेशंट म्हणून धाकटीला आत घेतलं नाही. ती बाहेर थोरल्या दिरांशेजारी बसली. “तू होतीस म्हणून निभावलं,” ते म्हणाले. तिला मान वर करवेना.

थोरल्या वाचल्या. वॉर्डात त्या जरा सावरल्यावर तिने स्टूल जवळ ओढलं.

“वहिनी, मी फक्त तुमच्यासाठी नव्हतं थांबवलं तुम्हाला. आम्हाला पहिला पेशंट हवा होता.”

थोरल्यांनी नजर छताकडे वळवली.

“हे यांना सांगू नकोस. तुझं तोंड बघणार नाहीत ते.”

“आणि तुम्ही?”

“मला आत्ता काही विचारू नकोस.”

पुढे कॅमेरा आला. दुर्बिणीचं पहिलं ऑपरेशन छान पार पडलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती हातमोजे काढायचं निमित्त करून बाजूला सरकली. ज्यांना दुखतंय त्यांना नव्या सोयीसाठी ताटकळत ठेवू नका, असं तिने सर्जनना स्पष्ट सांगितलं. त्यांनी ते मानलं.

थोरल्या हिंडूफिरू लागल्या, तिच्याशी पूर्वीसारख्या बोलूही लागल्या. पण शेजारची कुणी दुखणं घेऊन आली, की धाकटी समोर असतानाही त्या म्हणतात, “डॉक्टरांनाच विचारा.”