जिना शेवटचा कधी चढलात?

मित्रांनो, खरं तर मी कपाटाचं दार होणार होते. पण दवाखान्याच्या सुताराकडे एक तुकडा उरला. त्याने कडा घासल्या, वर लोखंडी चिमटा ठोकला आणि मी फुप्फुसांच्या विभागात कागद धरायच्या नोकरीला लागले. मी एक जुनी फळी आहे. लोक मला पॅड म्हणतात, म्हणोत बापडे.

माझ्यावर कायम एक प्रश्नपत्रिका असायची. पुढच्या बाजूला शरीराचे प्रश्न: खोकला किती, कफ किती, जिना चढताना दम लागतो का. मागे मनाचे: भीती वाटते का, झोप लागते का. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. या परीक्षेत गुण कमी तितकं बरं, म्हणून माणसं स्वतःला सढळ हाताने शून्य देत. डॉक्टरांच्या नळीला छातीतलं ऐकू येतं, हे मान्य. पण लिहिणाऱ्याच्या हाताचा घाम फक्त मला कळायचा, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

एकदा एक म्हातारा शिंपी बायकोबरोबर तपासणीला आला. खाली दुकान, वर घर. जिन्यापुढे त्याने ठसठशीत शून्य लिहिलं आणि मागची बाजू कोरीच ठेवली.

"आणखी काही त्रास?" सिस्टरने विचारलं.

"त्रास यांना नाही, आम्हाला आहे," बायको म्हणाली. "वर्ष झालं, दुकानातच झोपतात. ताटसुद्धा खाली न्यावं लागतं. कशावरून रुसलेत, देव जाणे. मुलगा म्हणतो, बाबांना आम्ही नकोसे झालोय, पुढच्या महिन्यात वेगळं बिऱ्हाड करतो."

सिस्टर शून्याकडे बघत राहिली. "काका, जिना शेवटचा कधी चढलात?"

शिंप्याचा अंगठा माझ्या कडेवर रुतला. घामाने मी ओली झाले.

"मागच्या वर्षी," तो म्हणाला. "सातव्या पायरीवर श्वासच मिळेना. वाटलं, संपलं सगळं. तेव्हापासून चढतच नाही, मग दम कुठून लागणार? शून्य खोटं नाही लिहिलं मी."

"अहो, मग सांगायचं नाही का?" बायको म्हणाली.

"काय सांगू? पायरीला घाबरतो म्हणून? त्यापेक्षा रुसलेला बरा."

सिस्टरने कागद उलटला. भीतीपुढे त्याने पाच लिहिले. मग औषध बदललं, दोन पायऱ्या चढून थांबायचं आणि ओठ आवळून श्वास सोडायचा हे शिकवलं गेलं, आणि त्या भीतीबद्दलही त्याच्याशी कोणीतरी निवांत बोलू लागलं.

पुढच्या खेपेला बायको सांगत आली, "परवा वर जेवायला आले. सातव्या पायरीवर मुलगा आधीच जाऊन बसला होता. बापलेक तिथेच बसून राहिले, जेवण गार झालं." वेगळ्या बिऱ्हाडाचं नाव पुन्हा निघालं नाही.

त्या दिवशी सिस्टरने तो जिन्याचा प्रश्न पेन्सिलीने माझ्या अंगावरच लिहिला, चिमट्याच्या अगदी खाली. पुढे प्रत्येकाला तोच आधी विचारला गेला.

आता विभागात काचेचा टॅब आलाय. मी डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली असते. वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू? पण त्या टॅबवर पहिला प्रश्न कोणता उमटतो, माहीत आहे? माझ्या अंगावरचा.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कोणी "मला काही त्रास नाही" म्हणालं, तर लगेच हायसं वाटून घेऊ नका. त्याने काय काय करायचं सोडून दिलंय, ते बघा. आणि त्याच्या पायरीवर थोडं आधी जाऊन बसा.