दुर्बिणीच्या आधीचं पाणी

अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी हातमोजे उतरवले आणि मला आत बोलावलं. "गुरुजी, तपासणी झालीच नाही. आतडं सगळं माखलेलं आहे, नळीचा उजेड पडतो तो घाणीवर. पोट नीट साफ करून परत आणा."

माझी थोरली बहीण तुळजाबाई बाकावर पदर सावरत बसली होती. दिवाळीपासून तिला शौचातून रक्त जात होतं. अंगावर मांस उरलं नव्हतं. रक्त कुठून येतंय, हे आतड्यात दुर्बीण घातल्याशिवाय कळणार नव्हतं. त्यासाठी आदल्या संध्याकाळी पुडीतलं औषध दोन लिटर पाण्यात कालवून प्यायचं होतं.

"आक्का, औषध सगळं पिलीस ना?"

"पिले की."

"सगळं?"

"निम्मं. निम्म्यातच लई येळा जावं लागलं, बाबा. छावणीत एवढं पाणी कुठलं आणू?"

एकच गोष्ट पाच वेळा समजावून सांगायला मला वर्गात कधी जड गेलं नाही. पण त्या दिवशी आमच्या गावी, नांदूरघाटला परतताना मी एसटीत तिच्यापासून दोन बाकं पुढे जाऊन बसलो.

तिचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले. ती गाय घेऊन गावाबाहेर दूध सोसायटीच्या चारा छावणीत खोप घालून राहत होती. दुसऱ्या दिवशी मी छावणीत गेलो आणि सेक्रेटरी बंकटला गाठलं. तो माझाच विद्यार्थी.

"एका आजारी बाईला दोन लिटर पाणी जास्त देता येत नाही तुम्हाला?"

"गुरुजी, टँकर जनावरांच्या डोक्यावर येतो," बंकट म्हणाला. "मोठ्या जनावराला इतकं, वासराला इतकं. माणूस त्यात धरलेलाच न्हाई. इथली माणसं जनावराच्या वाट्यातलंच पितात."

"म्हणजे आक्का जेवढं पिणार तेवढं गायीचं कमी?"

"आन् परत परत धुवायला लागतंय, त्ये येगळंच."

आक्का खोपीतून ऐकत होती. "गाय गाभण हाय, पंडित. माझं पोट बघायचं म्हणून मुक्या जनावराला तहानलेलं ठिवू व्हय?"

मी खाली बसलो. मुलांना सांगतो तसं सावकाश सांगितलं. त्या नळीत केसाएवढे बारीक काचेचे धागे असतात. नळी कशीही वाकली तरी उजेड धाग्याच्या आतल्या आत आपटत पुढे जातो आणि आतड्याची वळणं दाखवतो. "पण गढूळ विहिरीत बॅटरी मारली तर तळ दिसतो का, आक्का?"

"इहिरीत पाणी कुठं हाय गढूळ व्हायला?" शेजारच्या खोपीतून रतनबाई म्हणाली. दोघी हसल्या. मला हसू आलं नाही.

"रतनबाई," मी म्हणालो, "दोन दिवस गाय तुमच्याकडे. हिला मी घरी नेतो."

"न्या. बैलासारखी अडून बसंल, दावं लावूनच न्या."

घरी अंजनानं, माझ्या बायकोनं, आक्कासाठी दोन हंडे झाकून ठेवले होते. त्यापायी तिनं धुणं धुतलं नव्हतं. गावातला टँकर त्या दिवशी आलाच नाही. शेजारीण तांब्याभर पाणी मागायला आली, तेव्हा अंजनानं खाली मान घालून नाही म्हटलं. ते आक्कानं पाहिलं आणि हातातला पेला खाली ठेवला.

"बास आता."

"अजून निम्मं आहे."

"लोकाला घोटभर मिळंना आन् मी पिऊन घालवू?"

"मागच्या वेळी निम्मं वाचवलंस, ते सगळंच वाया गेलं!" मी ओरडलो. "पुन्हा जायचं, पुन्हा हेच पाणी, आणि मधे रक्त जातच राहणार. हिशोब तुला कळत नाही का?"

"शाळेत पोरांवर आसाच वरडायचास?"

"नाही."

तिनं पेला परत उचलला. मग नाक धरून एकेक पेला संपवला.

या वेळी डॉक्टरीणबाईंनी मला पडद्यापाशी उभं केलं. आतडं स्वच्छ होतं, गुलाबी, ओलं. नळी वळणामागून वळण घेत गेली. मला सगळं सारखंच दिसत होतं. एका जागी त्या थांबल्या, बटण दाबलं. पांढरा उजेड जाऊन निळसर-हिरवा आला, आणि अस्तरावर एका चपट्या डागाभोवती तपकिरी शिरांची वेडीवाकडी जाळी उठून आली.

"साध्या उजेडात हे भोवतालच्या अस्तरात मिसळून जातं," त्या म्हणाल्या. "या उजेडात शिरांची ठेवण वेगळी दिसते. हे कॅन्सरच्या वाटेवर दिसतंय." तारेच्या फासात धरून त्यांनी ते तुकड्या-तुकड्यांनी काढलं. "तपासायला पाठवते. पण काही राहिलंय का ते पाहायला तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण करावीच लागेल. चुकवू नका."

आक्का गुंगीतून जागी झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं.

"तीन महिन्यानं म्हंजी?"

"मे."

ती उठून बसली. पदर डोक्यावर घेतला.

"मे मदी कुठलं पाणी देशील मला?"

 मी तिच्या चपला पुढे केल्या आणि एसटीची वेळ विचारायला बाहेर गेलो.