संगणकात अडकलेली बाई

आमच्या नंदनवन वस्तीच्या समाजभवनासमोर सकाळपासून ही रांग. कडेवर लेकरू घ्यावं तसे लोक संगणक घेऊन उभे. भैय्याजी महाराज पेटी न उघडता नुसत्या स्पर्शानं आतलं सांगत. प्रोसेसर कुठला, मेमरी किती, इतकंच काय, यंत्राचं गुप्त नावसुद्धा! ते बरोबर निघालं की पुढचं सगळं लोक डोळे झाकून मानत.

पुढचं म्हणजे यंत्रात शिरलेली भूतबाधा, आणि बाधेला उपाय कन्हान नदीत विसर्जन. आमचे शेजारी मधुकरराव यांचा जुना संगणक अडकत अडकत चालायचा, म्हणून त्यांनी रविवारचा नंबर लावला. त्यांच्या दिपालीचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्याच संगणकात होता आणि आठ दिवसांत द्यायचा होता. तो पेनड्राइव्हवर काढून घ्यायलाही महाराजांची मनाई. म्हणे, बाधा त्यातही शिरते!

पोर रडकुंडीला आली. "मावशी, हे महाराज बंद मशीनले हात काहून नाही लावत? अन् जपाच्या वेळी सगळ्यायले डोळे काहून मिटाले लावते?"

मी शाळेत विज्ञान शिकवते. हा प्रश्न मला आधी सुचला नाही याची लाज वाटली.

शनिवारी दिपालीनं संगणकात एक छोटासा बदल केला.

रविवारी महाराजांनी कीबोर्डवर कुंकू वाहिलं, स्क्रीन स्वतःकडे वळवला. "यंत्र जागं पाह्यजे. डोळे मिटा, अकरा वेळा जप करा!"

आम्ही डोळे उघडले तेव्हा महाराज थरथरत होते. "मेमरी चार जीबी! अन् आतमंदी मिनल... मिनल नावाची बाई अडकून राहिली! तडफडून मेली बिचारी. आजच विसर्जन करा!"

मधुकररावांनी पोतं उघडलंसुद्धा.

"महाराज," मी पुढे झाले, "मिनल मीच होय. मी कधी मेली जी?"

कुणीतरी फिसकन हसलं. दिपालीनं स्क्रीन लोकांकडे फिरवला. "कालच मी या मशीनचं नाव बदलवून मिनल ठेवलं. तुमचे डोळे मिटले का महाराज हेच करते, पाहा: विंडोजची कळ अन् पॉजची कळ, दोन्ही संगंच दाबा."

नाव, प्रोसेसर, मेमरी, सगळी कुंडली समोर आली. महाराज मागच्या दारानं सटकले, चपला तिथंच राहिल्या.

मधुकररावांनी स्वतः कळा दाबल्या. पुन्हा दाबल्या. "चारच जीबी? म्हणून अडकते होय?"

"वर्षभरापासून तेच तं सांगून राहिली ना, बाबा! मेमरी वाढवा म्हणून."

त्यांनी पोत्याची घडी घातली. लेकीकडे मात्र बराच वेळ पाहिलं नाही.

लोकहो, संगणकात काय आहे ते संगणक कुणालाही सांगतो. त्याला विचारा. नाही जमलं तर घरातल्या पोरीला विचारा. आणि कुणी डोळे मिटायला सांगितलं, तर आधी ते नीट उघडा.