मादीवर गोळी नाही

अर्विंग शहरापासून दोन तासांवरच्या आपल्या रँचवर डॉक्टर कांचननं पहिल्या दिवसापासून एक नियम लावला होता: हरणांच्या मादीवर गोळी झाडायची नाही. चाळीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई दुसरा कुठला नियम लावणार? पैसे भरून शिकारी यायचे, शिंगवाले नर टिपायचे, निघून जायचे. सहा वर्षांत हरिणी वाढतच गेल्या आणि ओकची झाडं त्यांचं तोंड पोचेल तिथवर बोडकी झाली.

मुलगी प्रीता वन्यजीवांची अभ्यासक. माद्या मारायचे परवाने तिनं रीतसर मिळवून आणले, फेब्रुवारीपर्यंतची मुदत होती. कांचननं ते ड्रॉवरमध्ये कोंबले.

"आई, लिसन. त्यांना खायला काही उरलं नाहीये. या विंटरमध्ये अर्धा कळप जाईल."

"मग मका टाकू या की."

"त्यानं अजून गर्दी होईल, रोग पसरतील. नो, आई."

"तू मला आयांना मारायला सांगतेस!" कांचन कडाडली, आणि तो विषय तिथेच संपला.

जानेवारीत कुंपणाशी एक हरिणी मरून पडली. प्रीतानं सुरी काढली, ती कांचननं तिच्या हातातून घेतली. पोट उघडून बघणं हे तिचं काम होतं. मूत्रपिंडांभोवती चरबीचा कण नव्हता. गर्भाशयात बोटभर लांबीची दोन पिल्लं, दोन्ही गेलेली. अशी उपाशी गरोदर बाई दवाखान्यात आली असती, तर कांचननं तिच्या घरच्यांना फैलावर घेतलं असतं. इथे फैलावर घ्यायला तिच्याशिवाय होतं कोण? आपल्या दयेनंच हिला मारलं, हे तिला लख्ख दिसलं आणि स्वतःची भयंकर चीड आली.

हात धुऊन तिनं परवाने बाहेर काढले.

"बाहेरचे शिकारी नकोत. तू मार. मी शेजारी बसणार."

"आई, यू डोन्ट हॅव टू."

"नुसती सही करून घरात बसायचं नाही मला."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी मचाणावर चढल्या. तासाभरानं पाच हरिणी आल्या, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. प्रीतानं नेम धरला आणि रायफल पुन्हा खाली घेतली.

"तू रडतेयस," ती कुजबुजली.

"रडू दे. तुझा हात हलता कामा नये."

गोळी सुटली. एक जागीच कोसळली, बाकीच्या उधळल्या. कांचन आधी खाली उतरली. हरिणीच्या ऊबदार मानेवर तिनं हात ठेवला, श्वास थांबल्याची खात्री केली आणि उठली.

"उद्या किती वाजता निघायचं?" तिनं विचारलं.