जाड तारेचा सूर

आमच्या सूनबाईंना विचारायची सवयच नाही. ह्यांची गिटार दोन वर्षं कपाटावर होती. मी माहेरी गेलेली पाहून बाईंनी ती उतरवली, पुसली, नव्या तारा लावल्या, सूरही लावले. वर मलाच म्हणाल्या, "सरप्राइज!"

मी म्हटलं, "हात लावलाच आहेस तर ह्यांचा तो शेवटचा झंकार वाजवून दाखव."

दुकानातून आले की हे थोडं वाजवायचे आणि रोज त्याच झंकारावर थांबायचे. मुलाच्या फोनमध्ये तो आहे. पण फोनमधून तो डब्यात कोंडल्यासारखा येतो. मला तो ह्या खोलीत हवा होता.

सून शाळेत संगीत शिकवते. फोन कानाला लावून तिने एकेक सूर वेगळा काढला. "डी, एफ शार्प, ए. हा झाला डी मेजर. वर ई आहे, म्हणजे नववा. डी ॲड नाईन, आई!"

"सूर सात असतात. नववा कुठल्या बाजारातून आणलास?"

"सात संपले की पुढे मोजत जायचं. आठवा पुन्हा डी, नववा ई."

तिने पुस्तकातल्यासारखा वाजवला. नाव बरोबर असेल, पण माणूस दुसराच.

मग मीच तिची बोटं धरली. समोर बसून जन्मभर तो हात पाहिलाय मी. मधल्या तीन तारांवर तीन बोटं, बाकीच्या मोकळ्या. तिने छेडलं आणि जाड तार भलतंच गुरगुरली.

"फोनमध्ये सगळ्यात खाली डी आहे," ती पुटपुटली. "ही तार मोकळी सोडली की ई देते. मग डी येणार कुठून?" आणि तिचा चेहराच उतरला. "आई, इथली जुनी तार सैल होती. मला वाटलं, पडून पडून उतरली. नवी मी नेहमीसारखी ओढून ईवर लावली."

"हे मुद्दाम सैल ठेवायचे की काय?"

"हो. ह्या डीसाठीच."

तिने खुंटी पिळून तार उतरवली, बोटं ठेवली, वाजवलं.

तोच. भिंतींना लागून परत आला. मी दाराकडे पाहिलं, कारण ह्यानंतर हे मला हाक मारायचे. हाक आली नाही. सुनेने तारांवर तळवा ठेवून आवाज बंद केला आणि माझ्याकडे पाहत बसली, शाबासकीसाठी.

मी म्हटलं, "नाव तुझं बरोबर, बोटं माझी बरोबर. पण थांबायची घाई फार आहे तुला. पुन्हा वाजव, आणि तो आपणहून विरेपर्यंत हात लावू नकोस."